माग बंद करायची खूण

जेवण झालं की तातोबा खारगे आधी दात काढतो आणि मग कान. दात म्हणजे कवळी. ती निळ्या डबीत, पाण्यात. कान म्हणजे ऐकायचं मशीन, ते उशाखाली. मग तो भिंतीकडे तोंड करून आडवा होतो आणि दुपारच्या झोपेची वाट बघतो. आज ती यायला तयार नाही, कारण चार वाजता त्याचा मुलगा उमेश येणार आहे, आणि डॉक्टरीणबाई त्या दोघांना समोर बसवून तातोबाच्या मरणाविषयी बोलणार आहेत.

वृद्धाश्रमाचं नाव 'निवांत'. इचलकरंजीबाहेर, उसाच्या फडांना लागून. ज्यानं हे नाव ठेवलं त्यानं तिथं एक दुपारसुद्धा काढलेली नसणार. स्वयंपाकघरात भांडी आपटत असतात, कोपऱ्यातल्या खोलीत शेवंताबाई अंथरुणात पडल्या पडल्या देवाच्या नावानं बोटं मोडत असतात, आणि डोक्यावरचा पंखा प्रत्येक फेऱ्याला कुरकुरतो. पण तातोबानं मशीन काढलं की सगळं लांब जातं, कानात कापूस कोंबल्यासारखं.

समोरची खाट रिकामी आहे. तिच्यावरची गादी गुंडाळून ठेवली आहे. ती इराप्पाची खाट.

इराप्पा आणि तातोबा यंत्रमागाच्या एकाच शेडमध्ये जन्म घालवलेले. इराप्पा माग चालवायचा. माग बिघडला की तातोबा दुरुस्त करायचा, जॉबर होता तो. सगळे माग एकदम चालू असले की शेजारचा माणूस कानाशी ओरडला तरी ऐकू येत नाही. मग मागवाले ओठांवरून ओळखतात आणि हातांनी बोलतात. चहाला चल, मालक आला, सूत संपलं, सगळ्याला खुणा. सगळ्यात महत्त्वाची खूण एकच: मूठ वळायची, मागाचा दांडा धरल्यासारखी, आणि झटक्यात छातीकडे ओढायची. म्हणजे माग बंद कर. धागा तुटला असेल, कुणाचा हात अडकला असेल. काय झालं ते मग बघू, आधी बंद कर. ही खूण दिसली की दिसेल त्यानं धावायचं, मग तो माग कुणाचाही असो.

त्याच शेडमध्ये एकदा एका मागातला धोटा उडाला. धोटा म्हणजे सुताची कांडी पोटात घेऊन इकडून तिकडे धावणारं लाकूड, दोन्ही टोकांना लोखंड बसवलेलं. तो इराप्पाच्या तोंडावर बसला आणि वरचा पुढचा एक दात घेऊन गेला. इराप्पानं ती फट कधी बुजवली नाही. बाकीचे दात मात्र म्हातारपणीही शाबूत होते. तातोबाची कवळी डबीत पडली की हा मुद्दाम समोर बसून उसाचं कांडं सोलून खायचा आणि म्हणायचा, "घे की तात्या, चोखून तरी बग."

मागच्या हिवाळ्यात इराप्पा जेवता जेवता कोसळला. पुतण्या शिवानंद गाडी घेऊन आला आणि त्याला शहरातल्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला. तिथून इराप्पा परत आला नाही. दिवसकार्य झाल्यावर शिवानंद त्याची पेटी न्यायला आला तेव्हा त्यानं मोठ्या अभिमानानं सांगितलं, "काय कमी पडू दिलं न्हाई काकाला. घशात नळी, गळ्यात नळी. दोनदा हृदय बंद पडलं, दोनदा छाती दाबून चालू केलं. बरगड्या मोडल्या, पण चालू केलं. नळी चावायचा म्हणून दातांत खुंटी घालावी लागली. हात बांधले. बांधलेल्या हातानं बी सारखी मूठ वळून छातीकडं ओढायचा. थंडी वाजत असंल म्हणून आमी अजून एक पांघरूण घातलं."

तातोबानं ते शिवानंदच्या ओठांवरून वाचलं, आणि ती खूण लगेच ओळखली. शिवानंद प्रेमळ पोरगा. त्याला काय सांगणार? तातोबानं पेटी उचलून द्यायला मदत केली आणि त्या दिवशी जेवला नाही.

त्यानंतरच डॉक्टर मंजिरी इनामदारांनी हे बसणं सुरू केलं. आश्रमातल्या एकेका माणसाला त्याच्या नातेवाइकांसमोर विचारायचं: आजार वाढला, तुम्हाला बोलता येईना झालं, तर तुमच्यासाठी काय करायचं आणि काय करायचं नाही? तुमच्या वतीनं कोण बोलेल? मग ते लिहून, साक्षीदारांसमोर सही. आज तातोबाची पाळी. त्याच्या छातीत जन्मभराचा कापूस बसला आहे. बाईंनी मागेच स्पष्ट सांगितलं होतं की एक दिवस दम पुरणार नाही, आणि तेव्हा नळी घालायची की नाही हे कुणीतरी ठरवावं लागेल. फोनवर उमेश चिडला होता. "अण्णा, असलं अभद्र कशाला बोलायचं? मी आहे ना. वाट्टेल ते करीन."

त्यामुळे तातोबानं उत्तर तयार ठेवलं आहे. सोपं, कुणाला न दुखवणारं. पोरगा म्हणंल तसं. तो ते बोळक्या तोंडानं दोनदा पुटपुटतो, आणि पापण्या जड होतात. पोरगा म्हणंल तसं. पंखा कुरकुरतो. पोरगा. पंखा कुरकुरत नाही, खटखटतो.

मशीन काढलेल्या कानांना खटखट ऐकू येते आहे, हे तातोबाच्या उशिरा लक्षात येतं.

तो कूस बदलतो. समोरच्या खाटेवरची गादी पसरलेली आहे आणि तिच्यावर इराप्पा बसला आहे. अंगात बाह्यांची बंडी, भुवयांवर कापसाचे तंतू. पाय खाली सोडलेले, आणि ते जमिनीला टेकत नाहीत.

"उठ," इराप्पा म्हणतो. "पाळी सुरू झालीया."

तातोबाला आनंद होतो. खरोखरच होतो, तो उठून बसतो, हात पुढे करतो. "इऱ्या! कवा आलास गा?"

इराप्पा त्याच्या मुस्काटात मारतो.

इतक्या जोरात मारतो की तातोबाचं डोकं भिंतीवर आपटतं आणि भिंतीचा चुना त्याच्या मांडीवर सांडतो. जन्मात या माणसानं त्याच्यावर हात उगारला नव्हता. तातोबा गालाला हात लावून बघत राहतो.

"का मारलंस?"

"जागा हुतोस का बगतोय." इराप्पा त्याच्या सदऱ्याची गळपट्टी धरतो आणि त्याला खाटेवरून खाली ओढतो. तातोबाचे गुडघे फरशीवर घासतात. दारातून, व्हरांड्यातून, तुळशीच्या कुंड्या उलथून पाडत इराप्पा त्याला फरफटत नेतो. व्हरांड्याच्या शेवटी जेवणघर असायला हवं. तिथं शेड आहे.

तीच शेड. तोच तेलाचा वास, तेच पत्रे. पण मागांच्या जागी खाटा आहेत आणि खाटांवर आश्रमातली माणसं. प्रत्येकाच्या तोंडात नळी, नाकात नळी, आणि त्या नळ्या वर जाऊन ताण्याच्या उभ्या धाग्यांसारख्या रुळांवर ओढलेल्या. खाटा हलताहेत. पुढे, मागे, पुढे, मागे. दर हिसक्याला माणसांची छाती वर येते आणि आदळते. पायाशी कापड विणून बाहेर पडतं आहे, पांढरं, वारच्या वार, कुणी उचलायला नाही.

शेवंताबाई सगळ्यात जवळ आहेत. देवाला शिव्या देणारं त्यांचं तोंड खुंटीनं उघडं ठेवलेलं. त्या तातोबाकडे बघतात आणि मूठ छातीकडे ओढतात.

तातोबा जॉबर आहे. ही खूण दिसली की त्याचे पाय आपोआप धावतात. तो खाटेच्या दांड्याला हात घालतो आणि ओढतो. खाट थांबत नाही. शेजारची दुप्पट वेगानं सुरू होते. तो तिचा दांडा ओढतो. तो त्याच्या हातात मोडून येतो. पलीकडून एक धोटा उडतो आणि त्याच्या कानाजवळून भिंतीत घुसतो. दुसरा खिडकीची काच फोडतो. तिसरा त्याच्या खांद्यावर बसतो आणि तातोबा कळवळून खाली बसतो.

"मेन बंद करा!" तो ओरडतो. "अरं, मेन कुटं हाय?"

मेन स्विच भिंतीवर आहे, आणि त्याच्यासमोर उमेश उभा आहे. ऑफिसचा इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, हात पसरून स्विचला पाठ लावलेली. रडून रडून त्याचे डोळे सुजले आहेत.

"अण्णा, घाबरू नका," तो म्हणतो. "मी काहीही बंद पडू देणार नाही."

"अरं बाळा, बाजूला हो."

"लोक काय म्हणतील अण्णा? उमेशनं बापाला तसाच सोडला म्हणतील." आणि मग लहानपणी म्हणायचा तसा, "मला भीती वाटते."

तातोबा त्याला जवळ घ्यायला हात पुढे करतो, तर त्याचे हात वर येत नाहीत. ते पट्ट्यांनी बांधलेले आहेत. तो खाटेवर पडलेला आहे. उमेश खाटेवर गुडघा टेकवून वाकला आहे आणि दोन्ही तळहातांनी त्याची छाती दाबतो आहे, सगळा भार टाकून. "श्वास घ्या! अण्णा, श्वास घ्या!" पहिली बरगडी मोडते तो आवाज तातोबाला स्वच्छ ऐकू येतो. वाळकी काटकी मोडावी तसा. मग दुसरी. उमेशचे अश्रू त्याच्या तोंडावर पडताहेत, कोमट, आणि वरून धक्के बसताहेत, आणि तातोबाला कळत नाही की या पोराचे डोळे पुसावेत की त्याला लाथ घालावी. तो ओरडायला तोंड उघडतो. घशात नळी उतरते, पार खाली, सोलत.

आवाज गेला. हात बांधलेले. तातोबाकडे आता एकच गोष्ट उरली आहे. तो बांधलेल्या हाताची मूठ वळतो आणि छातीकडे ओढतो.

उमेशचा चेहरा उजळतो. "थंडी वाजते होय? आणा रे पांघरूण!"

एक पांघरूण पडतं. तातोबा जोरजोरात मूठ ओढतो. दुसरं पडतं. खाटांच्या पायथ्याचं सगळं कापड उमेश कवेत घेऊन येतो आणि बापावर टाकत राहतो, थरावर थर, मांजरपाट, कोरं, खळीच्या वासाचं. कापड तोंडावर येतं. डोळ्यांवर येतं. तातोबा त्याच्याखाली गुदमरतो, आणि वर त्याचा मुलगा मायेनं कडा खोचतो आहे.

मग कापड फाटतं. इराप्पा ते दोन्ही हातांनी टराटरा फाडत आत येतो, उमेशला बखोटीला धरून उचलतो आणि खांबावर आदळतो.

तातोबाचे पट्टे कधी सुटले ते त्याला कळत नाही. तो इराप्पाच्या कमरेत घुसतो आणि दोघं खाली पडतात, ते पंचगंगेच्या काठावरच्या चिखलात. शेड नाही, खाटा नाहीत, पण खटखट चालू आहे, पाण्याखालून आल्यासारखी. तातोबा इराप्पाच्या छाताडावर बसतो आणि गुद्दे घालतो.

"माज्या पोराला हात लावतोस? सुक्काळीच्या, माज्या पोराला?"

"त्यो तुला मारतोय, आणि तू मला मारतोस!"

"मारत न्हाई त्यो! वाचवतोय मला!"

"मला बी शिवानंदनं वाचवलंच की." इराप्पा त्याचा हात धरतो आणि आपल्या बंडीच्या आत घालतो. "बग. हात फिरवून बग."

तातोबाचा हात आत जातो आणि थांबत नाही. बरगड्या असायच्या तिथं काही घट्ट नाहीच. पोत्यात हात घातल्यासारखं, आत तुटक्या काड्या. तो हात ओढून घेतो आणि चिखलात पुसत राहतो. त्याला रडू कोसळतं, वाहत्या नाकानं, लाज न बाळगता.

दोघं चिखलात बसून राहतात. इराप्पाच्या ओठाच्या कडांना चिकटपट्टीचे ओरखडे आहेत. मघाशी ते दिसले नव्हते.

"लई दुखलं?" तातोबा विचारतो.

"दुखण्याचं काय, मागावर बी दुखायचं." इराप्पा थुंकतो. "मी खूण करत हुतो गा. लई केली. नर्सबाईला केली, डाक्टरला केली, शिवानंदला तर किती येळा. येकालाबी कळंना. तू का न्हाई आलास तितं?"

"मला कोण नेणार?"

"व्हय. त्येबी खरंच."

"तू आमास्नी सांगितलं हुतंस," तातोबा म्हणतो. "चहाच्या येळंला. मला कुटं नेऊ नका म्हणून."

"हसत सांगितलं. तुमी बी हसलासा." इराप्पा चिखलाचा गोळा नदीत भिरकावतो. "शिवानंद कुटं हुता तवा? त्येच्यासमोर येकदा तोंड उघडलं असतं तर बास हुतं. पोरगं वाईट न्हाई. त्येला कुणी सांगितलंच न्हाई."

"तुला काय पायजे हुतं, इऱ्या?"

"माजी खाट. खिडकी उघडी. तू समोर, तुजं ते बोळकं घिऊन. घोटभर चहा, लई गोड. मग काय व्हायचं ते होऊ दे की."

एवढंच. तातोबाला त्या एवढ्याशा मागणीचा फार राग येतो. एवढंसुद्धा या माणसाला मिळू नये?

"आता तुजं सांग," इराप्पा म्हणतो. "चार वाजता काय बोलणार हाईस?"

तातोबा मान खाली घालतो. "पोरगा म्हणंल तसं."

इराप्पा त्याच्या पेकाटात लाथ घालतो. तातोबा चिखलात तोंडघशी पडतो, उठतो, आणि परत लाथ बसते.

"पोरगा काय म्हणणार? पोरगा म्हणणार, चालू ठेवा! मग तुजा आवाज गेल्यावर खूण करशील तू, आणि ती खूण कुणाला ठावी हाय? शेडमधली आपली माणसं कुटं हाईत? धोंडबा गेला. मुल्लाचा कासीम गेला. मी गेलो. तुजी खूण वाचणारं जित्तं माणूस कोण हाय सांग!"

तातोबा चिखलातून उठून बसतो.

"उमेशला कवा शिकवलीस? शेडच्या दारात उभं राहू दिलं न्हाईस त्येला कदी."

"त्येनं मागावर येऊ नये म्हणूनच मी राबलो!"

"बरं केलंस. चांगलं केलंस. पण मग त्येच्या भाषंत सांग. तोंड हाय तवर."

"कसं सांगू?" तातोबा ओरडतो, आणि हे ओरडणं त्याच्या पोटातून येतं. "त्येच्या तोंडावर सांगू, मला मरू दे म्हणून? येकुलतं येक पोर माजं. त्येची आई गेली तवा म्हैनाभर झोपला न्हाई त्यो. त्येला किती लागंल!"

"लागंल की. आत्ता लागंल." इराप्पा त्याचा चेहरा दोन्ही हातांत घट्ट धरतो, चिखलानं भरलेल्या हातांत. "आणि तुज्या बरगड्या त्येच्या हाताखाली मोडल्यावर लागणार न्हाई? शिवानंद अजून रातचा उठून बसतोय, तात्या. म्हणतोय, काका काय मागत हुता? पांघरूणच मागत हुता न्हवं? त्येला कोण सांगणार आता? माजं तोंड गेलं. तुजं हाय."

नदीचं पाणी वर येऊ लागतं. नदी कसली, चहाच्या भांड्यातलं आधण आहे, उकळतं आहे, आणि काठ आश्रमाच्या स्वयंपाकघरातल्या ओट्यासारखा काळा. खटखट जवळ येते आहे.

"सांगतो," तातोबा म्हणतो.

"न्हाई सांगायचास."

"आयची आण, सांगतो."

"मी वळखत न्हाई तुला? उठलास की दात घालशील, कान घालशील, सदरा नीट करशील. पोराचं तोंड बगशील. आणि म्हणशील, पोरगा म्हणंल तसं." इराप्पा त्याचा डावा हात धरतो आणि बाही मागे सारतो. "हे ठेव."

आणि तो चावतो. मनगटाच्या वर, मांसल भागावर, उसाच्या कांड्याला लावायचा तसे सगळे दात लावून, पूर्ण जोरानं. तातोबा किंचाळतो. तो इराप्पाच्या डोक्यावर बुक्क्या घालतो, केस उपटतो, आणि इराप्पा सोडत नाही. हाडापर्यंत जातात ते दात. वरून पांघरुणं पडू लागतात, खाटा हिसके मारू लागतात, शेवंताबाई खुंटीमागून ओरडताहेत, आणि त्या सगळ्या गदारोळात इराप्पाचे डोळे खालून तातोबाकडे बघताहेत. त्यांत राग नाही. पाणी आहे.

तातोबा उठून बसतो.

पंखा कुरकुरत असणार, कारण तो फिरतो आहे. ऐकू मात्र काही येत नाही. अंगाला घाम. समोरच्या खाटेवर गादी गुंडाळलेली. खिडकीत ऊन आणि त्यामागे उसाचे तुरे. निळी डबी जागेवर आहे, आत कवळी बुडालेली. तातोबा जीभ फिरवून बघतो. तोंडात एकही दात नाही.

डावा हात ठणकतो आहे.

तो बाही वर करतो. मनगटाच्या वर दातांचे व्रण, वर एक कमान, खाली एक कमान, ताजे, लालभडक, दोन ठिकाणी कातडी फुटलेली. खालची कमान सलग आहे. वरच्या कमानीत मधोमध एक फट आहे.

तातोबा त्या फटीवर बोट ठेवतो. तिथली कातडी साधी आहे, दुखत नाही.

दारात हालचाल होते. उमेश आला आहे, हातात बेकरीचा पुडा, मागे डॉक्टर मंजिरी खुर्ची ओढत आहेत. उमेशचे ओठ हलतात. तातोबाला ओठ वाचायला मशीन लागत नाही. अण्णा, हाताला काय झालं? कोण चावलं?

उमेश घाईनं पुढे येतो, हात धरून बघतो, वळून बाईंना काहीतरी विचारतो, मग सवयीनं उशाखालचं मशीन काढून बापापुढे धरतो. तातोबा ते घेत नाही. डबीकडेही हात नेत नाही. एकदा दात घातले की तो शहाण्यासारखा बोलायला लागेल, हे त्याला आता माहीत आहे.

"उमेश, बस," तो म्हणतो. बोळक्या तोंडातून शब्द फसफसत येतात, पण येतात. "बाई, तुमी बी बसा. मी बोलतो ते लिवून घ्या. दम लागला तर दम कमी करायचं औषध द्या. दुखलं तर दुखणं कमी करायचं द्या. नळी घालायची न्हाई. छाती बडवायची न्हाई. हितनं हलवायचं न्हाई. ही खाट, ही खिडकी."

उमेश काहीतरी जोरात बोलतो. तातोबा ओठ वाचतो: नाही, अण्णा, नाही, असं नका. पोराला लागलं आहे, आणि ते दिसतं आहे, आणि आता मागे फिरता येणार नाही.

"आणि तुला येक खूण शिकवतो," तो म्हणतो. "उद्या माजा आवाज गेला आणि मी हे करायला लागलो, तर मला थंडी वाजत नसंल. ध्यानात ठेव. हात दे."

तो उमेशचा हात घेतो, बोटं एकेक मिटवून मूठ करतो, दांडा धरल्यासारखी. डॉक्टरांचं लिहिणं थांबलं आहे. उमेशचे डोळे बापाच्या मनगटावरच्या व्रणावर आहेत आणि गालांवरून पाणी वाहतं आहे. तो मूठ छातीकडे आणतो, अर्ध्यावर थांबतो.

"न्हाई," तातोबा म्हणतो. "पुरा वढ. अर्ध्यावर माग थांबत न्हाई."

उमेश नाही म्हणून मान हलवतो. मग तो डोळे मिटतो आणि हात पार छातीपर्यंत ओढतो.